निघून राहिलेला बोल्ट

बोल्ट आवळायला एक माणूस पुरतो; तो काढायला मात्र कार्यालय लागते. हे सत्य जगात सगळीकडेच लागू असेल, पण ते शेवटपर्यंत सिद्ध करून दाखवण्याचा मान नागपूरच्या तलाव सुरक्षा व जलबचाव कक्षाला द्यावा लागेल. कक्षाकडे एक तलाव, एक बोट, एक चालक आणि बरेच अधिकारी आहेत. (यांपैकी पाण्यात उतरायची सवय फक्त बोटीला आणि चालकाला आहे.)

चालकाचे नाव संघपाल. बोट चालवणे आणि ती दुरुस्त करणे, दोन्ही त्याच्याच गळ्यात. आणि बोट चालली पाहिजे ही निकडही बहुधा त्या एकट्याचीच. कारण त्याची माय इंदूबाई तलावाखालच्या नाल्याला लागून, तळमजल्यावर राहते आणि काही केल्या घर सोडायला तयार नाही. गेल्या पावसाळ्यात नाला थेट तिच्या चुलीपाशी आला. (बोट त्या दिवशी आपत्ती निवारणाच्या प्रदर्शनात मांडली होती.) तेव्हा शेजारच्या केटरिंगवाल्याने लग्नाचा भात शिजवायचा भला मोठा गंज, म्हणजे पातेले, पाण्यात सोडला आणि वस्तीतल्या लोकांनी इंदूबाईला त्यात बसवून रस्त्यापर्यंत ढकलत आणले. तिच्या पातळाचा काठसुद्धा भिजला नाही. पण ज्याच्या हाती सरकारी बोट, त्याच्या मायने भाताच्या गंजातून यावे, हे संघपालच्या मनाला फार लागले.

म्हणून यंदा त्याने उन्हाळ्यातच इंजिन उघडले. इंजिन सुरू व्हायचे, पण थंडाव्यासाठी पाणी ओढणाऱ्या पंपातले रबर खलास झाले होते, त्यामुळे थोड्याच वेळात तापून बंद पडायचे. त्या रबरापर्यंत पोचायचे तर इंजिनाच्या बुडाचा गिअरचा डबा सोडवावा लागतो. डबा पाच बोल्टांवर. चार निमूटपणे निघाले. पाचव्याला पाना लावून जोर दिला, तशी त्याची मुंडी खाली पडली आणि धड आतच राहिले. गंज असा चढला होता की बोल्ट आणि डबा यांचा आता संसारच झाला होता. (कक्षाच्या आढाव्यात बोल्ट निघण्याचे प्रमाण शंभर टक्के आहे. जो निघत नाही तो बोल्ट नसून अडथळा असतो, आणि अडथळे दुसरा विभाग बघतो.)

संघपालने तेल सोडले, बत्तीने तापवले, हातोडीने हळूहळू ठोकले, पुन्हा तेल सोडले. अखेर धड केसभर हलले. आता कळमेश्वरहून रुपराव वेल्डरला बोलवायचे, त्या धडावर एक नट वेल्डिंगने चिकटवायचा आणि नटाला पाना लावून सगळे बाहेर फिरवायचे, एवढेच बाकी होते. नेमके तेव्हाच उन्मेषसाहेब शेडमध्ये आले.

साहेब साताऱ्याकडून नुकतेच बदलून आले होते. माणूस सज्जन, बुटाला ग्रीस लागले तरी कोणावर न खेकसणारा. बोल्टचे काय झाले, असे त्यांनी आपुलकीने विचारले.

"निघून राहिला साहेब," संघपाल म्हणाला.

हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. नागपुरात जे चालू असते ते होऊन राहिलेले असते. इथला माणूस जेवून राहिला, म्हणजे त्याचे ताट अजून पुढ्यात आहे. साहेबांच्या कानाला मात्र निघून राहिला म्हणजे एकदाचा निघाला, आणि आता निवांत राहिला. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि बोल्ट निघाला, बोट सज्ज, असा मेसेज वर पाठवला. वरून तो आणखी वर गेला, आणि तिथून खाली नागरिकांच्या ग्रुपवर उतरला. मनीषनगरच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवरून त्यावर भराभर अंगठे उमटले. बोट एकच होती, अंगठे मात्र मोजता येईनात.

संघपालने वेल्डर मागितला, तेव्हा साहेब चकित झाले. निघालेल्या बोल्टला वेल्डिंग कशाला?

"साहेब, निघून राहिला म्हणजे अजून निघाला नाही."

"मग निघून राहिला असं का म्हणालात?"

"काहून म्हणजे? निघून राहिला म्हणून."

साहेबांना चूक पटली, अगदी मनापासून पटली. पण निघाल्याचे कळवून झालेला बोल्ट पुन्हा न निघालेला करण्याची तरतूद कुठेच सापडेना. ज्या बोल्टचे अस्तित्वच संपले त्याच्यासाठी माणूस बोलावणे अनियमित ठरले असते, म्हणून रुपरावला येऊ नका असे कळवले गेले. चार बोल्ट परत बसवून बोट लोकार्पणासाठी रंगवायला गेली. परत आली तेव्हा पाचव्याच्या भोकावरूनही पिवळा रंग फिरला होता.

लोकार्पण थाटात झाले. नारळ फुटला, इंजिन सुरू झाले, फोटो निघाला, इंजिन बंद पडले. फोटोत बंद पडलेले इंजिन अगदी चालू इंजिनासारखे दिसते, हा छायाचित्रणाचा मोठाच गुण आहे.

पोळ्याच्या आधी एका दुपारी तलाव सांडव्यावरून उसळला आणि नाला वस्तीत घुसला. संघपाल हार घातलेल्या बोटीत उभा राहून इंजिन सुरू करायची दोरी ओढत होता; इंजिन धडधडायचे, तापायचे, गप्प व्हायचे. साहेबांचा फोन आला: बोट निघाली का? हातात दोरी, तोंडावर पाऊस, सवयीने तो बोलून गेला, "निघून राहिली साहेब." लगेच सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आला की बचाव बोट निघाली आहे, नागरिकांनी घरातच थांबावे.

मागोमाग इंदूबाईचा फोन. पाणी उंबऱ्याच्या आत आले होते. "बोट निघाली म्हणते मेसेजात. खरं का गा?"

संघपालने दोरी आणखी एकदा ओढून पाहिली. मग म्हणाला, "निघून राहिली, माय."

इंदूबाईचा जन्म नागपुरातला. तिला भाषांतर लागले नाही.

"मग राहू दे बोट," ती म्हणाली. "गंज घेऊन ये."

त्याने दोरी टाकली आणि केटरिंगवाल्याकडे धावत सुटला. छातीएवढ्या पाण्यातून मायला ढकलत आणताना त्याला रडू कोसळले आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले. इंदूबाई गंजात छत्री उघडून बसली होती आणि त्याला सांभाळून चाल म्हणत होती. आजूबाजूच्या खिडक्यांतून लोक मेसेजप्रमाणे घरात थांबून बघत होते. त्यांचे सामान वाहून गेले. माणसे कशीबशी माळ्यावर चढून वाचली.

संध्याकाळी ग्रुपवर बातमी आली की बोटीच्या तत्परतेमुळे एक ज्येष्ठ महिला सुखरूप. पुन्हा भराभर अंगठे उमटले. त्यांत एक तुमचाही होता, मेसेज पुरता न वाचता दिलेला, आठवून बघा.

तेव्हा जाता जाता एवढेच. गंज एकच आहे, त्यात माणूसही एकच मावतो, आणि ती जागा इंदूबाईची आहे. तुमच्या दाराशी पाणी आले तर घाबरू नका, घरातच थांबा. बोट निघून राहिली आहे.