खाऱ्या पाण्याची कळशी

दिनांक : माघ पौर्णिमा. (इंग्रजी तारखेसाठी जागा सोडली आहे.)
हजर : सरपंच, ग्रामसेवक, कंपनीचे इंजिनियर माने, वाडीतले गडी नऊ, बचत गटाच्या बायका सहा, सचिव म्हणून मी.
गैरहजर : तानूकाकी. (काठी हजर.)

आमच्या खाजण समितीच्या वहीतली ही नोंद. त्या दिवशी आम्ही जुन्या बांधाची उघाडी काढून खाडीचं पाणी आत घेतलं. काकीचं नाव मात्र गैरहजर म्हणून लिहावं लागलं. लग्नाला सगळे जमावेत आणि नवरीच नसावी, तसं झालं होतं. पण वही ती वही. मी हायस्कुलात लिपिक आहे; जे नाही त्याला हजर म्हणायची मला सवय नाही.

तानूकाकीची ओळख करून द्यायची तर कळशीपासून सुरुवात करायला हवी. तिच्या दारात नळ आहे, नळाला पाणी आहे. तरी रोज एकदा ती खाडीवर उतरायची, खाऱ्या पाण्याची कळशी भरायची आणि पाखाडीच्या पायऱ्या चढून घरी न्यायची. हे पाणी पिता येत नाही, त्यात डाळ शिजत नाही, त्यात साबणाला फेस येत नाही. वाडीत यावर बरीच चर्चा झालेली आहे. कोणी म्हणे गुडघे शेकते, कोणी म्हणे घरच्या घरी मीठ करते. सरपंच म्हणाले, "वय झालं. सोडा." मी सरळ विचारलं.

"काकी, एवढं खारं पाणी लागतं कशाला?"

"तहान लागते."

"कोणाला?"

"लागते ज्यांना त्यांना. तू तुजी वही सांभाळ."

पडवीच्या पुढे तिने मला कधी नेलं नाही. गोठ्यामागे माडाच्या झापांचा आडोसा होता. तिथे जनावर फिरतं, जाऊ नको, असं ती सांगे. आमच्याकडे सापाला जनावर म्हणतात आणि हे ऐकल्यावर कोणी पुढे जात नाही.

आता समितीचं थोडक्यात सांगते. आमची वाडी पूर्णगडच्या वाटेवर, खाडीकाठी. पलीकडच्या तीरावर एका कंपनीने माल उतरवायचा धक्का बांधला आणि त्यासाठी तिथली खाजण मातीने भरली. खाजण म्हणजे भरतीचं पाणी जिथे येतं-जातं ती चिखलाची, कांदळांची म्हणजे खारफुटीची जमीन. एका जागची बुजवली तर तेवढीच दुसरीकडे जिवंत करून द्यायची, असा नियम. ही दुसरी जागा म्हणजे आमची पडीक खारजमीन. पूर्वी तिथे बांध घालून, खाडी बाहेर ठेवून, भात लावत. लावणारे हात मुंबईला गेले, भात गेलं, बांध राहिला. आत ना शेत ना खाडी. उन्हाळ्यात पांढरी मिठाची साय आणि वर कुसळं.

बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीला फळ्या लावायच्या, सुकतीला म्हणजे ओहोटीला काढायच्या. आतलं पाणी बाहेर जावं, बाहेरचं आत येऊ नये. हे काम आधी काकीच्या नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर काकीने घेतलं. पगार नाही, पत्र नाही. उन्हापावसात दिवसातून दोनदा ती तिथे उभी असे. त्यामुळे तिचं घड्याळ वेगळं आहे. तिथीवरून ती भरतीची वेळ काढते आणि सगळं जग त्यावर चालवते.

समितीच्या पहिल्या सभेची नोटीस मी काढली : सकाळी दहा. काकी आली पावणेबाराला.

"काकी, दहा म्हटलं होतं!"

"कुठले धा? काल धाला पानी पायरीवर होता, आज अजून चिकलात हाय. रोज येगळे धा. अर्ध्या भरतीला म्हनालीस तर चुकनार नाय."

तेव्हापासून नोटिशीत दोन वेळा घालते : एक आमच्यासाठी, एक काकीसाठी. खरं सांगायचं तर तिच्या वेळेला ती एकदाही उशिरा आलेली नाही. दहाच्या सभेला सरपंच अजून साडेदहाला येतात.

दुसरी ओळख काठी. पुरुषभर उंचीची, खाचा पाडलेली बांबूची काठी, पाण्याची उंची मोजायची. ती काठी काकी लग्नाला नेते, बाराव्याला नेते. एकदा रत्नागिरीला जाताना एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजी, हिचं अर्धं तिकीट लागेल." काकी म्हणाली, "काड की. पन मंग ती खिडकीजवळ बसनार." तिकीट निघालं नाही, काठी मात्र खिडकीजवळ बसली.

आणि तिचं एक पालुपद आहे : "पान्याला इचारलंस काय?" ती सगळ्यांना अरे-तुरे करते, साहेबांनाही. ग्रामपंचायतीने नवी मोरी बांधली : पान्याला इचारलंस काय? माझ्या भाचीने कंपाउंड घातलं : पान्याला इचारलंस काय? आम्ही हसायचो. पहिल्याच पावसात कंपाउंड पडलं. मग भाची हसायची थांबली.

माने आले तेव्हा तरुण, हुशार, घाईत. ट्रकभर कांदळाची रोपं आणली आणि बांधाच्या आत दोरी धरून सरळ ओळीत लावली. फोटो काढला, फलक लावला. काकी बांधावरून बघत होती.

"साहेब, ही काय प्रार्थनेला हुबी केलीस?"

"आजी, दोन रोपांत ठरावीक अंतर ठेवायचं असतं."

"अंतर ठेव रे. पन पान्याला इचारलंस काय?"

"टँकरने घालणार ना."

काकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं मी दाखल्यावर शाईचा डाग पडला की पाहते. "टँकर येतो नि जातो. पानी येयाला नि जायाला लागतं. उघाडी काड. पोराला दूद पाजतोस नि दार लावून कोंडून ठेवतोस, जगंल काय?"

उघाडी काढायची कल्पना वाडीत कोणालाच पटेना. चाळीस वर्षं जिने खाडीला दारात अडवलं तीच म्हणते दार काढा, म्हणजे पुन्हा वयाचाच विषय निघाला. वैशाखापर्यंत ओळीतली रोपं वाळली. फलक तेवढा ताठ राहिला.

त्यानंतर वरून पत्र आलं. एक संधी आणखी. यंदाही जमलं नाही तर ही जागा यादीतून काढून दुसऱ्या तालुक्यात काम देणार. मी पत्र सभेत वाचलं. काकी एरवी मी पत्र वाचत असताना चिखलाच्या गोष्टी करते. त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकत बसली. सभा संपल्यावर मला म्हणाली, "दुसरा तालुका म्हंजे कुठं? खाडी दुसरी?"

"दुसरी."

"मंग काय उपेग," म्हणाली आणि काठी विसरून गेली. काकी काठी विसरते हे मी वहीत नोंदवलं नाही, पण लक्षात ठेवलं.

पुढचे सहा महिने तिने माने साहेबांना शिकवलं. साहेबांकडे पाण्यातला खार मोजायचं यंत्र होतं. काकी बोट बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची, "कालच्यापरीस अळनी." यंत्र तेच सांगायचं, जरा उशिरा. एकदा मानेही बोट चाटायला गेले आणि अर्धा तास खोकत बसले. चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं मोजायला तिने लावलं. "ते माजे गडी. चिंबोरी घर करते तिथं झाड धरतं." माझ्या तक्त्यात 'बिळे' असा रकाना आला. मान्यांनी बांधाच्या उंचीचे नकाशे काढले, काकीने काठीने तपासले, आणि शेवटी उघाडी काढायची असा ठराव झाला. दिवस काकीने दिला : माघी पौर्णिमा, उधाणाची भरती. "सकाळच्या सुकतीला फळ्या काडा नि बाजूला व्हा. पान्याच्या वाटंत मानसांनी हुबं ऱ्हावू नये."

तर तो दिवस. सकाळी फळ्या निघाल्या. सगळे जमले, काकी नाही. तिची काठी मात्र बांधाच्या आत, जांभ्या दगडांच्या जुन्या गडग्याजवळ रोवलेली होती आणि एका खाचेला लाल चिंधी बांधली होती. पाणी इथवर येईल, असा तिचा निरोप.

दहाच्या सुमारास पाणी आलं. आवाज न करता, घरच्या माणसासारखं. जुन्या चरांतून आत सरकलं, कुसळांच्या मुळांशी गेलं. बाराला भरती पुरी झाली तेव्हा चिंधीच्या बोटभर खाली थांबलं. माने यंत्र विसरून टाळ्या वाजवत होते. मी वही मिटली आणि काकीच्या घरी गेले.

पडवीत नव्हती. हाक मारली, ओ नाही. मग मी जनावराची पर्वा न करता झापांच्या मागे गेले.

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत कांदळाची रोपं, गुडघ्याएवढी, जाड हिरव्या पानांची. मी सवयीने मोजली : एकवीस. शेजारी कळशी. आणि काकी, सणाचं हिरवं लुगडं नेसून, जमिनीवर बसलेली.

"काकी, सगळे तुला शोधतायत. आली का नाहीस?"

"पानी येयाचा तर येल. मी हुबी ऱ्हायली म्हनून येतो काय?" मग रोपांकडे बघत, "नि नाय आला तर ह्यांना काय तोंड दाखवू?"

"ही कुठली?"

तिने हनुवटीने खाडीपलीकडे दाखवलं. धक्का आहे तिथे. तिथली वाडी तिचं माहेर, हे मला माहीत होतं. बुजवलेली खाजण तिच्या बापाची, हे नव्हतं. तिथे ती आणि तिचा धाकटा भाऊ सदू लहानपणी कालवं काढायचे. सदूने ती कंपनीला द्यायला सही दिली. गणपतीला काकी माहेरी गेली तेव्हा भराव सुरू व्हायचा होता. तिने भांडण केलं नाही. कांदळांखाली पडलेल्या शेंगा पिशवीत भरल्या आणि होडीत बसली. त्यानंतर गणपती दोनदा येऊन गेले. ती पलीकडे गेली नाही.

"पहिल्या लावणीला का दिली नाहीस?"

"दोरीला लावून मारायला?" ती म्हणाली. "पानी कुटवर आला?"

"चिंधीच्या बोटभर खाली."

काकी गुडघ्यावर हात देऊन उठली. "बोटभर चुकला," म्हणाली. "वारा मतलईचा असंल, जमिनीवरनं दर्याकडं." डोळे पुसले ते पदराने नाही, मनगटाने, कारण हाताला चिखल होता.

आठ दिवसांनी भांगाला, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरत नाही तेव्हा, आम्ही दोघींनी ती एकवीस रोपं पूर्वेच्या कोपऱ्यात लावली. ओळीत नाही. काकी एकेक जागा बघून, चिंबोरीचं बीळ शोधून, लावत गेली. वीस धरली आहेत. मान्यांना मी सांगितलं, ही कंपनीच्या आकड्यात धरायची नाहीत. ते म्हणाले, "हो ताई, ती आजींची." तक्त्यात 'रोपे कोठून आणली' या रकान्यात मी लिहिलं : तानूकाकीचं माहेर. वरून अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

आता काकी कळशी नेत नाही. तेवढ्या वेळात कोपऱ्यावर जाऊन बसते, पलीकडे तोंड करून.

कामांची यादी मी परवा तपासली. फळ्या शाळेच्या पडवीत ठेवणे, झाले. गुरं येऊ नयेत म्हणून काट्या लावणे, झाले. जुना फलक काढणे, झाले. एक उरलं आहे : सदूला फोन करून खाजण बघायला बोलावणे. हे काम मीच घातलं. काकीने खोडलं नाही. नंबर मिळवून ठेवला आहे. दर पंधरवड्याला मी विचारते, "काकी, लावू का फोन?"

ती काठी चिखलात टेकते, धक्क्याकडे बघते आणि म्हणते, "थांब बाय. पान्याला इचारून सांगतंय."