निरीक्षकाचं वाढीव वजन

माझ्या पँटचं बटण तुटलं ते बेकरीच्या तराजूपुढे वाकताना. नुसतं तुटलं असतं तर मी ते गुपचूप खिशात टाकलं असतं. पण ते उडालं आणि थेट पारड्यात जाऊन पडलं. बेकरीवाल्याने आधी पारड्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "साहेब, हे पण तोलू का?"

मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे बरोबर आहेत का, पाकिटावर छापलंय तेवढा माल आत आहे का, हे बघायचं आणि काट्यावर शिक्का मारायचा, हे माझं काम. माझ्या हातून एक ग्रॅम इकडचा तिकडे व्हायचा नाही, असा माझा बाजारात दरारा आहे. (निदान माझी तशी समजूत होती.) अशा माणसाच्या पोटानं बटणाला न जुमानणं खात्याला शोभणारं नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. उद्यापासून डाएट आणि व्यायाम.

व्यायामासाठी मी ऑफिसची गाडी सोडली. आतापर्यंत मी आणि शिपाई गाडीतून चार दुकानं करून परत यायचो. आता मी एकटाच पायी निघायला लागलो. शिपाई म्हणाला, "साहेब, मी पण येतो ना चालत."

"तुला कशाला उगाच तंगडतोड? तू बस पंख्याखाली."

त्याचं तोंड एवढंसं झालं. माझ्यावर याची केवढी ही माया, या विचारानं मला भरून आलं.

डाएटची सूत्रं बायकोनं हातात घेतली. सकाळी काकडी, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री सूप. सूप म्हणजे दुपारच्या भाज्या ज्यात उकडल्या ते पाणी. "एका घरात दोन स्वयंपाक मला जमायचे नाहीत," बायको म्हणाली, "अहो, तुम्ही खाल तेच सगळे खातील." आईनं थोडी कुरकुर केली, पण लेकासाठी म्हणून तीही काकडी चावायला लागली. (तिच्या कवळीसकट हे दृश्य बघवत नसे.)

वजन करायला मी घरी काटा आणला आणि ऑफिसातली प्रमाणित वजनं ठेवून स्वतः तपासला. पहिल्या रविवारी मोठ्या उत्साहानं त्यावर उभा राहिलो. वजन वाढलं होतं.

"सुरुवातीला वाढतं," बायको म्हणाली. तिला हे कोणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण तिनं इतक्या प्रेमानं सांगितलं की मी विश्वास ठेवला. पुढच्या रविवारी आणखी वाढलं. मी घाबरलो आणि चालणं वाढवलं. आधी चार दुकानं करायचो, आता अख्खा बाजार पालथा घालायला लागलो. वजन आणखी वाढलं.

"काटा बिघडलाय रे," आई म्हणाली.

"आई, तो मी तपासलाय. एक वेळ मी बिघडलो असेन, पण काटा बिघडणार नाही."

हे मी तोऱ्यात बोलून गेलो आणि मग माझं मलाच धस्स झालं. खरंच मी बिघडलो असेन तर? कारण घरातली बाकीची माणसं दिवसेंदिवस झिजत होती. बायकोचे कपडे तिला ढगळ व्हायला लागले. आईची अंगठी सूपमध्ये पडायला लागली. तेच खाऊन मी मात्र फुगत होतो. एकदा न राहवून मी आईला विचारलं, "तू माझ्या सूपमध्ये चोरून लोणी तर घालत नाहीस ना?"

"घातलं असतं तर आधी माझ्या वाटीत घातलं असतं," आई म्हणाली आणि पुढे दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

ऑफिसातही सुख नव्हतं. बेकरीवाल्याची बिस्किटांची पाकिटं याच सुमारास कमी भरायला लागली. दर वेळी तोलावं तर दोन-तीन बिस्किटांइतकं वजन गायब! तो बिचारा शपथा घ्यायचा. "साहेब, मी स्वतः भरतो. एक बिस्कीट जास्तच टाकतो."

"मग जातं कुठे?" मी गरजायचो. काजूवाल्याचीही तीच कथा, टोस्टवाल्याचीही तीच. इतकी वर्षं सरळ असलेला बाजार एकाएकी लबाड झाला होता. मी बेकरीवाल्याला शेवटची ताकीद दिली. आता कमी भरलं तर दुकानाला टाळं.

इकडे माझी झोप उडाली होती. ऑफिसात शिपाई भेटला की नुसता माझ्याकडे बघून उसासा टाकायचा. तोही वाळला होता. "साहेब, परत गाडीनं कधी जायचं हो?" तो विचारायचा. मला वाटे, याला माझ्या तोंडावर काहीतरी दिसतंय.

शेवटी बायकोनं मला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "उभे राहा काट्यावर." मी सवयीनं आधी खाली वाकून शिक्का बघितला.

"डॉक्टर, या काट्याची मुदत संपलीये. यावर उभं राहणं बेकायदेशीर होईल."

"तुम्ही तब्येत दाखवायला आलाय की माझा दवाखाना बंद करायला?"

बायकोनं मला चिमटा काढला. मी उभा राहिलो. डॉक्टरांनी दिवसभर काय खाता ते विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. काकडी, भाज्या, सूप. बायकोनंही मान डोलावून साक्ष दिली. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते काहीच बोलले नाहीत. शिव्या देणारा डॉक्टर परवडतो, पण गप्प बसणारा परवडत नाही. मग ते हळूच म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून घेऊ. उद्याच जा."

परत येताना बायको माझा हात सोडेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भर रस्त्यात तिनं हात धरल्याचं मला आठवत नाही. मला आजारापेक्षा त्या हाताचीच जास्त भीती वाटली.

"आज ऑफिसला जाऊ नका," ती म्हणाली.

"गेलो नाही तर घरी बसून मरेन."

"मग मी पण येते. वाटेत चक्कर आली म्हणजे?"

अशी ती माझ्याबरोबर दुकानांच्या तपासणीला निघाली. पहिलं दुकान टोस्टवाल्याचं. मी एक पाकीट उचललं, फोडलं, एक टोस्ट काढून तोंडात टाकला.

"अहो! हे काय करताय?"

"तपासणी. सादळलेला टोस्ट वजनाला जड भरतो. तोलायच्या आधी कुरकुरीत आहे का ते बघावंच लागतं." (हा बारकावा मला पायी फिरायला लागल्यावरच सुचला होता. भुकेल्या पोटी डोकं फार चालतं.)

ती माझ्या मागोमाग निघाली. काजूच्या दुकानात मी चार-पाच काजू तोंडात टाकले.

"काजू पण सादळतात?"

"काजू तर फार सादळतात."

"आणि उरलेलं पाकीट पिशवीत का टाकलंत?"

"फोडलेला नमुना विकता येत नाही. त्याची विल्हेवाट लावावी लागते. आधी ते काम शिपायाकडे होतं, पण आता..."

"आता कोण लावतं?"

माझं तोंड भरलेलं असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही.

ती माझ्याबरोबर बेकरीपर्यंत आली. तिथे मी बिस्किटांचं पाकीट फोडून दोन बिस्किटं चावायला लागलो, तशी ती मटकन मैद्याच्या पोत्यावर बसली. आधी रडली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम करायला लागली. "मी तिकडे काळजीनं अर्धी झाले, अहो! तुमच्याशिवाय कसं जगायचं याचा विचार करत होते आणि तुम्ही बाजारभर चरत होतात?"

"अगं पण ते खाणं नव्हतं," मी कळवळून म्हणालो, "ते सरकारी काम होतं."

आणि ते म्हणतानाच सगळं माझ्या डोक्यात शिरलं. मला काहीही झालेलं नव्हतं! मी जगणार होतो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी त्या आनंदात आणखी एक बिस्कीट उचललं आणि बायकोची नजर बघून ते परत ठेवलं.

बेकरीवाला गल्ल्यामागे उभा राहून हे सगळं ऐकत होता. ताकीद मिळाल्यापासून त्याचाही जीव टांगणीला लागला होता. तो पुढे आला, मैद्याची पोती तोलायच्या मोठ्या काट्यावरची धूळ त्यानं फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "साहेब, जरा इथं उभे राहता? शिक्का तुमचाच आहे. मुदतीत आहे."

शिक्का माझाच म्हटल्यावर नाही म्हणायची सोय उरली नाही. मी उभा राहिलो. काटा थरथरत पुढे गेला आणि थांबला. बेकरीवाल्यानं चष्मा लावून तो नीट वाचला, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि त्याच जुन्या अदबीनं म्हणाला, "सापडलं साहेब. माझ्या पाकिटांत जेवढं कमी भरत होतं ना, ते सगळं इथं आहे."