शिष्टरबाईंचं आभाळ

आमच्या शेजारच्या शिष्टरबाई रोज सकाळी गच्चीवर जाऊन आभाळ तपासतात. बघत नाहीत, तपासतात. आधी पदराने चष्मा पुसतात, मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश नजर फिरवतात. डिशच्या खांबाला त्यांनी बँडेजची लांब पट्टी बांधली आहे, ती कुणीकडे उडते ते पाहतात. मग कठड्यावरून वाकून अख्ख्या गल्लीला निकाल ऐकवतात, "सातवा चालू हाय! पापड घाला बिनघोर!"

बदली होऊन मी हदगावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे ऐकून दचकले होते. कुणाला सातवा लागला? ढगाला, असं नंतर कळलं.

बाईंचं नाव कौसल्या कांबळे, पण त्या नावाने त्यांना फक्त पोस्टमन ओळखतो. सारी नोकरी खेड्यापाड्यांत नर्स म्हणून झाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर बाळंतपणं थांबली, पण बोली तीच राहिली. पांढरे विरळ ढग दिसले की "नुसती मळमळ हाय, काय व्हत न्हाई." काळे, जड, खाली लोंबणारे आले की "दिवस भरलेत." वारा पडून जीव घुसमटायला लागला की "कळा सुरू झाल्या, कपडे काढा दोरीवरचे."

लोक विचारायलाही येतात. एकदा बांधकामाचा एक गुत्तेदार खालूनच ओरडला, "बाई, आज टाकू का स्लॅब?" बाईंनी वर पाहिलं. "अजून दोन दिस थांबा. घाई केली तर त्रास तुमालाच." शेजारच्या घरी आलेला पाहुणा चहा पिता पिता हे ऐकत होता. तो जाईपर्यंत त्या गुत्तेदाराकडे काळजीने बघत होता.

अंदाज चुकत नाहीत असं मात्र नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन मैदानातून उचलून व्हरांड्यात कोंबलं, आणि दिवसभर कडक ऊन पडलं. हेडमास्तर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. बाईंना म्हटलं, तर शांतपणे म्हणाल्या, "खोट्या कळा व्हत्या. बायांना व्हतात, आभाळाला न्हाई व्हणार?"

त्यामुळे आमच्या ह्यांचा सगळा भरवसा मोबाईलवर.

गेल्या वर्षी पोळा झाल्यावर चार-पाच दिवसांनी बाई सकाळी गच्चीवरून ओरडल्या नाहीत. थेट आमच्या दारात आल्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

"मास्तरीणबाई, तुमची नणंद ओढ्यापल्याड हाय ना?"

"हो. पण सुनीताच्या तारखेला अजून बारा दिवस आहेत."

"तारीख डॉक्टरनं दिली, ओढ्यानं न्हाई. खालचा वारा इकडं जाऊन राहिला अन् वरचे ढग उलटे पळून राहिलेत. आजच्या आज तिला इकडं आणा."

ह्यांनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर पिवळाधमक सूर्य होता. बाईंनी तो नीट पाहिला.

"गुटगुटीत हाय. पण ह्यो तुमच्या हातातला. मी वरचा बघून आले."

"आणि नाहीच आला पाऊस तर?"

"तर चार दिस माहेरची भाकर खाईल. आला तर?"

हे उठले. ओळखीच्याची जीप आणली. बाई न विचारता पुढच्या सीटवर बसल्या. ओढ्याला घोटाभर पाणी होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. सुनीताची सासू म्हणाली, "एवढं ऊन पडलंय अन् पोरीला कुठं पळवून राहिले?" पण बाईंनी पिशवी भरायला घेतलीसुद्धा होती. परत येतानाही ऊन तसंच होतं. हे आरशात बघून हसत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

दुपारी चारला वारा पडला. पाचला आभाळ फाटलं. दोन दिवस ओढा पुलावरून वाहत होता, सुनीताच्या गावाचा संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुनीताच्या पोटात दुखायला लागलं. दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. संध्याकाळच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप.

हे बाईंच्या घरी पेढे घेऊन गेले. मीही सोबत होते. "बाई, माफ करा. मी हसलो होतो."

बाईंनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"माझी पहिली पोस्टिंग व्हती," त्या म्हणाल्या. "ओढ्याच्या अल्याड मी, पल्याड अडलेली बाई. निरोप सकाळीच आलता. ऊन व्हतं, म्हणून जेवून निघाले. तवर वरच्या अंगाला पाऊस कोसळला व्हता, जाऊन बघते तर पाणी छातीच्या वर. दिवसभर बॅग डोक्यावर घेऊन उभी व्हते. तिचा नवरा पल्याडून हात करून राहिला, मी अल्याडून ओरडून सांगून राहिले, असं कर, तसं कर. आवाजच पोचेना."

बाईंनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"तवापासून वर बघायला शिकले," एवढंच म्हणाल्या.

सुनीता घरी आली, तेव्हा बाई भेटायला आल्या. तिने बाळ पुढे केलं. बाई गोंधळल्या.

"काय, वजन करायचंय?"

"न्हाई वो बाई. असंच घ्या."

"असंच?"

त्या भिंतीला टेकून बसल्या. बाळ मांडीवर घेतलं. बराच वेळ नुसतं बघत राहिल्या.

"इतकी लेकरं या हातात आली," त्या हळूच म्हणाल्या. "पुसायचं, आईच्या कुशीत द्यायचं, की निघाले पुढच्या गावाला. असंच घेऊन बसायला कधी भेटलंच न्हाई."

दुपार झाली. बाईंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी बाळ घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"मी सव्वा महिना हितंच हाय," सुनीता म्हणाली. "रोज येत जा, बाई."

"रोज?"

"हाव. रोज."

बाईंनी बाळाचं टोपडं सारखं केलं. नर्सचा तो जुना, हुकूम देणारा आवाज क्षणात परत आला.

"मग उद्यापासून न्हाऊ मी घालीन. पाणी तापवून ठेवा, अन् मी येईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई."