'पुरे' न म्हणणारा जीवाणू

परळच्या एका सरकारी संशोधन संस्थेत कालिंदी घाडी अकरा वर्षं हंगामी तंत्रसहायक होती. सदर पद कायम करण्याची बाब विचाराधीन होती, आणि विचार करणारे दर दोन वर्षांनी निवृत्त होत होते.

लायसीन नावाचं अमिनो आम्ल गरजेपेक्षा जास्त बनवणारा जीवाणू शोधणं, हे तिचं काम. पद्धत सोपी आणि जरा दुष्ट. जीवाणूंना लायसीनसारखं दिसणारं खोटं रसायन खाऊ घालायचं. शहाणे जीवाणू 'पुरे आता' म्हणून खरं लायसीन बनवणं थांबवतात आणि उपासमारीने मरतात. ज्याच्या जनुकातली 'पुरे' म्हणण्याची सोयच बिघडलीय, तो बनवत राहतो आणि जगतो. सात महिन्यांनी बशीत अशा जीवाणूची टिकलीएवढी एक वसाहत उगवली.

संचालक डॉ. सीताराम रेडकर भिंगातून बघतच राहिले. "हा थांबतच नाही?"

"नाही सर. बिघाड आहे त्याच्यात."

"बिघाड कसला, गुण म्हणा! स्टाफमध्ये असा कोणी मिळेल?"

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं: 'वेतनवाढीऐवजी यापुढे दरमहा शाल व श्रीफळ देण्यात येईल. दोहोंचा आनंद समतुल्य समजण्यात यावा.' पहिल्या सत्काराला टाळ्या पडल्या. तिसऱ्यापासून लोक नारळ घेऊन घरी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं काम उरलेल्यांत वाटलं गेलं. दिवाळीपर्यंत एकोणीस जणांतली एकटी कालिंदी उरली.

"सापडली!" रेडकर आनंदाने ओरडले.

कालिंदीला वाटलं, आली एकदाची ऑर्डर. "सर, मग माझी कायम व्हायची फाईल?"

"मला सांगा, निवडलेल्या जीवाणूचं तुम्ही काय करता?"

"मोठ्या टाकीत टाकतो. मरेपर्यंत लायसीन काढून घेतो."

"मग?" म्हणत त्यांनी तिच्या खांद्यावर आठवी शाल घातली.

रविवारी डिलाईल रोडच्या खोलीत तिच्या आईने, गंगुबाईने, ती शाल कपाटात कोंबली. "नारळाची सोलकढी करतंय मी. पण शाल काय खाऊची? एकदा तरी पुरे म्हण गो चेडवा!"

कालिंदीच्याही डोक्यात तिडीक गेली होती. 'पुरे' लिहायलाच तिने मोबाईल उचलला. तेवढ्यात सरांचा मेसेज आला: 'अठरा जणांचे अहवाल संध्याकाळपर्यंत.' तिने दात-ओठ खाल्ले आणि अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं.

हसलात? हसा खुशाल. फक्त आज सुट्टी असून मघाशी तुमच्या साहेबांना तुम्ही जो अंगठा पाठवलात, तो आधी मागे घ्या.