खैरुन्निसा शिष्यवृत्ती

आमच्या खरवईच्या बिल्डिंगमधले टिपणीस काका शिष्यवृत्ती देतात ती आधी पोटभर जेवू घालून. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी उल्हासनगरच्या एका कॉलेजात अल्पसंख्याक मुलांसाठी कायमची ठेव ठेवली. अटींमध्ये लिहिलं, 'विद्यार्थ्याने चेक घ्यायला घरी यावे व जेवून जावे.' प्राचार्यांनी जेवण खोडलं. काकांनी हरकत घेतली नाही. घरी आलेलं पोर उपाशी जाणार कसं?

मार्क किती, पुढे काय करणार, असलं काका काही विचारायचे नाहीत. "भात घे," एवढंच बोलणं. "लाजू नकोस, आमटीत मीठ कमीच आहे," म्हणत वाढत राहायचे. एक मुलगा तर ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसला होता. शेजारधर्म म्हणून मीच जाऊन त्याला सोडवलं.

शिष्यवृत्तीला जिचं नाव दिलं ती खैरुन्निसा कोण, असं लोक विचारत. काका म्हणत, "मला डबा द्यायच्या."

तरुणपणी ते नोकरीसाठी एकटेच अंबरनाथला आले, तेव्हा त्यांचे फोरमन होते इब्राहिमभाई. त्यांची बायको खैरुन्निसा. नवऱ्याबरोबर काकांचाही डबा भरायची, काकांचं लग्न होईपर्यंत म्हणून. लग्न झालंच नाही, डबा चालू राहिला. मग काकांची बदली झाली. मागे इब्राहिमभाई अचानक वारले, मुलाने कॉलेज सोडून काम धरलं आणि आईला घेऊन कुठेसा निघून गेला. काका भेटायला आले तेव्हा त्या घरात दुसरेच लोक राहत होते.

यंदा कॉलेजने पैसे थेट विद्यार्थिनीच्या खात्यात टाकले. काकांनी सवयीने त्या रविवारीही स्वयंपाक केला. दुपार कलल्यावर मला बोलावलं आणि गार झालेली आमटी वाढत म्हणाले, "ऑनलाइन पैसे पोचतात गं. माणूस येत नाही."

म्हणून कॉलेजच्या बक्षीस समारंभाला मी त्यांच्याबरोबर गेले. यंदाची मुलगी अल्फिया, विठ्ठलवाडीची. तिने वाकून आभार मानले, पैसे मिळाल्याचं सांगितलं. काकांनी लगेच जेवायचं आमंत्रण दिलं. ती गडबडली. ओळख नसताना कुणाच्या घरी अम्मी पाठवणार नाही, असं चाचरत म्हणाली.

"बरोबर आहे त्यांचं," काका म्हणाले आणि बाजूला झाले. ती निघाली तशी त्यांनी मागून हाक मारली.

"मग मी येऊ का? तुमच्याकडे, जेवायला?"

अल्फियाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तिथेच उभ्या उभ्या घरी फोन लावला, हळू आवाजात काहीतरी सांगितलं, मग फोनवर हात ठेवून काकांकडे वळली.

"सर, अम्मी पूछ रही है, आपको खाने में क्या पसंद है?"

काका चष्मा काढून नुसतेच पुसत राहिले. फोन चालूच होता. शेवटी मीच म्हणाले, "सांग, जे असेल ते आवडीने खातील."