डाव्या हाताचा प्रश्न

धैर्यशीलचा डावा हात तालमीत मोडला, तो नेमका बारावीच्या फिजिक्सच्या पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी. कुस्तीतला जोडीदार आरिफनं पाय ओढून पट काढला, हा हातावर आपटला आणि कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर चढलं. आरिफ बिचारा त्या दिवसापासून तोंड लपवून फिरू लागला. धैर्यशीलचे वडील कृष्णात मात्र विरघळले नाहीत. "लिवायचा हात शाबूत हाय न्हवं? नापास झालास तर तालीम बंद!"

पेपर बरा चालला होता. शेवटी प्रश्न आला: चुंबकीय क्षेत्रात शिरलेल्या इलेक्ट्रॉनवर बल कोणत्या दिशेनं लागेल? तेजस्वी मॅडमनी वर्षभर घोकून घेतलं होतं. डाव्या हाताची पहिली दोन बोटं आणि अंगठा काटकोनात धरायचा. एक बोट क्षेत्राकडे, दुसरं विद्युतधारेकडे, अंगठा दाखवेल ते बल. साऱ्या वर्गाचे डावे हात वर झाले. धैर्यशीलनं घाबरून शेजारच्या ऋतुराजचा हात धरला.

"सोड की! मला बी लागतोय!" ऋतुराज ओरडला. सुपरवायझर धावत आले.

"सर, तुमचा डावा हात दोन मिन्टं द्या की. लगीच परत देतो."

सरांनी डावा हात पाठीमागे लपवला आणि उजव्यानं त्याला पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. मग नाइलाजानं त्यानं स्वतःचा उजवा हात वापरला, 'बल खाली' असं लिहिलं आणि पुढं जोडलं, 'डावा हात मोडल्यामुळे उजव्यावर भागवले आहे. क्षमस्व.'

आठवड्यानं मॅडम पेपर घेऊन वर्गात आल्या, त्याच तापलेल्या. "सगळ्यांनी बल वर लिहिलंय! प्रोटॉन असता तर ठीक होतं. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, म्हणजे दिशा उलटी. उजव्या हातानं दिशा उलटी दाखवली, म्हणून एकट्या धैर्यशीलचं बरोबर आलंय!" त्या तीन मार्कांच्या जोरावर धैर्यशील दोन मार्कांनी पास झाला होता.

संध्याकाळी तो पेढे घेऊन तालमीत गेला. त्याला बघताच आरिफ मागल्या दारानं सटकू लागला.

"थांब रं! तू हात मोडलास म्हणून पास झालो. तालीम वाचली माझी. लई उपकार झालं गड्या!" धैर्यशीलचे डोळे खरोखर भरून आले होते.

आरिफचाही जीव भांड्यात पडला. पेढा तोंडात टाकत तो म्हणाला, "मग बोर्डाच्या टायमाला पुन्यांदा मोडू व्हय?"

धैर्यशीलनं प्लास्टरातला हात झटकन पाठीमागे लपवला.

"नगं बाबा! प्रोटॉन आला तर डावाच लागतोय."