अबू रुश्दींची सही

पाणी आठवड्यातून एकदाच येणार आणि ते नेमकं दीमाला मागणी घालायला मंडळी येणार त्याच दिवशी, म्हणून तिची आई उम्म रुश्दी सकाळपासून खूश होती. दुपारी तिने नळ सोडला, तर त्याने नुसता उसासा टाकला.

"दीमा! तुझी ती यंत्रं बघ गं जरा!"

यंत्रं दीमाचीच होती. गच्चीवरच्या टाक्यांवरून इमारतीत कायम भांडणं व्हायची, म्हणून या इंजिनीअर पोरीने प्रत्येक टाकीच्या व्हॉल्व्हला एक डिजिटल प्रमाणपत्र दिलं होतं. खालच्या पंपाच्या मुख्य पेटीला ते दाखवल्याशिवाय थेंब मिळत नसे. प्रमाणपत्रांवर सही करायचा अधिकार मात्र तिने वडिलांच्या लॅपटॉपवर ठेवला, कारण अबू रुश्दी इमारतीचे अध्यक्ष. इथेच घोडं पेंड खात होतं.

दीमा गच्चीवर गेली, तर रबरी नळ्या थेट शेजारच्या गच्च्यांवर गेलेल्या. चहावाल्याची टाकी, न्हाव्याची टाकी, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या कबुतरांची टाकी. सगळ्यांकडे अस्सल प्रमाणपत्रं!

"बाबा, कबुतरांना सही दिलीत?"

"अगं, माणूस दारात येऊन म्हणतो, 'अबू रुश्दी, आता तुमचाच आधार.' त्याला नाही म्हणू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, पाणी मस्त आहे!"

एकेक प्रमाणपत्र रद्द करत बसायचा तिला धीर नव्हता. रागाच्या भरात तिने वडिलांची सहीच बाद केली. त्या सहीवर चालणारी सगळी प्रमाणपत्रं एका दमात मेली. कबुतरांचं पाणी बंद झालं, न्हाव्याचं झालं, आणि इमारतीतल्या झाडून सगळ्या घरांचंही झालं, कारण त्यांच्यावरही सही तीच होती.

"या अल्ला," दीमा पुटपुटली. तेवढ्यात खाली गाड्यांचे भोंगे वाजले. मंडळी आली होती.

स्वयंपाकघरात केटलीच्या तळाशी एका कपापुरतं पाणी होतं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाटल्या शेजाऱ्यांनी केव्हाच उचलल्या होत्या. उम्म रुश्दीने कपाळाला हात लावला, आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. रिवाजाप्रमाणे मंडळींचा म्होरक्या कॉफीचा कप पुढ्यात ठेवून देतो, आणि मुलीकडच्यांचा होकार आल्याशिवाय कुणी घोटही घेत नाही. म्हणजे होकार नाही तोवर एका कपात भागत होतं! तिने नवऱ्याला आत ओढलं.

"पाणी येईपर्यंत हो म्हणायचं नाही."

"मी? मी आयुष्यात कुणाला..."

"आज जमवा! नाहीतर पोरीच्या मागणीला कोरडे कप फिरवू का?"

दिवाणखान्यात मुलाचे चुलते हाजी मुफ्लिह यांनी कप समोर ठेवला. "आमच्या कुतैबासाठी तुमच्या दीमाला मागणी घालतोय. हो म्हणा, म्हणजे कॉफी पितो."

अबू रुश्दींच्या ओठांवर आलेलं हो त्यांनी कसंबसं गिळलं. "प्रवास कसा झाला?"

"दोन गल्ल्यांचा? बरा झाला."

मग अबू रुश्दी आपल्या आजोबांबद्दल बोलले. मग आजोबांच्या उंटिणीबद्दल. कुतैबाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मुलगी नोकरी करेल, आमची हरकत नाही," हाजी म्हणाले. अबू रुश्दींनी गालिच्याची झालर सारखी करायला घेतली.

"वेगळं घर करून देऊ." अबू रुश्दींच्या कपाळावर घाम.

"पोरगा भांडीही घासेल!" कुतैबाने जोरजोरात मान हलवली.

वर गच्चीवर दीमाने आपल्या लॅपटॉपवर नवी सही तयार केली होती. "आमचं आधी!" म्हणून शेजारी गलका करत होते, पण तिने पहिलं प्रमाणपत्र लाजलज्जा सोडून स्वतःच्या घराला दिलं.

खाली हाजी उठले. "ठीक आहे, अबू रुश्दी. आमच्या नशिबात नसेल तर..."

स्वयंपाकघरातला नळ खोकला आणि धो धो वाहू लागला.

"हो! हो! बसा, कॉफी प्या!" अबू रुश्दी असे ओरडले की आतल्या बायकांनी लगेच आनंदाचे चीत्कार सुरू केले.

वाफाळते कप फिरले. दीमा ओल्या बाह्यांनी दाराशी आली. हाजींनी कप तोंडाजवळ नेला, थांबले आणि पुन्हा खाली ठेवला.

"आता काय, हाजी?" अबू रुश्दींनी विचारलं.

"एक बारीकशी विनंती. माझ्या भाच्याची टाकी तुमच्या शेजारच्याच गच्चीवर आहे. तेवढी सही द्या, मग पितो."

अबू रुश्दींचं तोंड सवयीने उघडलं.

"सही आता माझ्याकडे असते, अम्मो," होणाऱ्या चुलतसासऱ्यांना 'काका' म्हणत दीमा हसून म्हणाली. "आणि ती मिळणार नाही. कॉफी मात्र गार होतेय."

हाजी तिच्याकडे बघतच राहिले. मग पुतण्याकडे वळले. "कुतैबा, तुला नक्की हीच हवीये ना?"

"हीच, अम्मो," कुतैबा म्हणाला. हाजींनी निमूटपणे कप उचलला.